पांदण, उतार आणि कापसाची वाट

वऱ्हाडातल्या रस्त्यांचा लेखी इतिहास हा बव्हंशी कापसाचा इतिहास आहे. रेल्वेपूर्वी इथला कापूस बैलांच्या पाठीवर लादून शेकडो मैलांवरच्या मिर्झापूरला, गंगेकाठी जाई. १८५३ मध्ये हा प्रांत इंग्रजांच्या ताब्यात गेला, १८६७ मध्ये मुंबईचा लोहमार्ग अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरला पोचला आणि पुढचे पक्के रस्ते स्टेशन व जिनिंगच्या दिशेने धावले. मूर्तिजापूरहून अचलपूर आणि यवतमाळकडे जाणारी ‘शकुंतला’ रेल्वेही त्याच हिशेबातली. रुईची गठाण कशी गेली हे कागदावर सापडते. भर पावसाळ्यात वावरातून गावात माणूस कसा पोचे, पूर्णा नदीला कुठे उतार मिळे, बंडी कुठपर्यंत जाई आणि डोंगा कुठे लागे, हे मात्र म्हाताऱ्यांच्या बोलण्यातच उरले आहे. त्याला गेल्या काळाचा उमाळा म्हणून बाजूला सारणे चूक ठरेल.

गावच्या वाटा रखडल्या यात दोष काळ्या मातीचा, असे म्हटले जाते. त्यात तथ्य आहे. पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात गाळाचा थर इतका खोल, की मुरूम-गिट्टी दुरून आणावी लागते. पण याच मातीवर दीडशे वर्षांपूर्वी रेल्वे उभी राहिली, आणि जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत करून विश्वविक्रमही झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरात अकोला-अकोट रस्त्यावरचा गांधीग्रामचा ब्रिटिशकालीन पूल धोकादायक म्हणून बंद झाला आणि लोकांना लांबचे फेरे पडले. अडचण मातीची खरी, पण कोणत्या वाटेवर ती आधी सोडवायची, हे माणसेच ठरवतात.

दुसरा आक्षेप म्हाताऱ्यांच्या आठवणींवरचा आणि अधिक वजनदार आहे: आठवण बदलते, स्वार्थाकडे झुकते, शिवाय नदीही पात्र बदलते. खरेच. म्हणून आठवण गावनकाशावरच्या पांदणीशी, म्हणजे शेतवाटेशी, ताडून पाहावी. पण १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली अडवलेल्या वाटेचा दावा चालतो, तेव्हा तहसीलदारही वहिवाट विचारतो, आणि वहिवाट सांगायला अखेर गावातली जाणती माणसेच लागतात. हा दावा वाट अडवल्यापासून सहा महिन्यांत करावा लागतो. भांडण लागल्यावर साक्षीदार शोधायला तो वेळ अपुरा पडतो. २०२१ मध्ये मातोश्री पाणंद रस्ते योजना आली, पण कोणती पांदण खरी यावरच जिथे वाद, तिथे निधी काय करणार? ग्रामसभांनी आपल्या शिवारातल्या पांदणी, नाले आणि उतार जाणत्यांना विचारून याच उन्हाळ्यात नोंदवून घ्यावेत.