दोर धरणारी माणसं

विल्यम कॅरीचं नाव मराठी मुद्रणाच्या इतिहासात अगदी सुरुवातीलाच येतं. १८०५चं मराठी व्याकरण, १८१०चा मोडी अक्षरांतला कोश, वैजनाथ पंडितांना बरोबर घेऊन केलेली कामं, सगळी श्रीरामपूरची. (श्रीरामपूर म्हणजे हुगळीकाठचं, आपल्या नगर जिल्ह्यातलं नव्हे.) पण इंग्लंडमधल्या ज्या लहान गावांतल्या माणसांनी या मिशनऱ्याला पाठवलं आणि सांभाळलं, त्यांच्याबद्दल आपल्याकडे फारसं लिहिलं जात नाही. ती माणसं समजून घेतल्याशिवाय कॅरी कळत नाही, असं मला वाटतं.

२ ऑक्टोबर १७९२. केटरिंग गावात एका विधवेच्या घरातली मागची खोली. जमलेले बहुतेक लोक खेड्यापाड्यांतल्या बॅप्टिस्ट मंडळ्यांचे पाळक, स्वतःचाच संसार ओढताना दमलेले. खुद्द कॅरीनं जोडे शिवून पोट भरलेलं. कुणाच्याही खिशात रोकड नव्हती, म्हणून प्रत्येकानं चिठ्ठीवर आकडा लिहिला आणि केटरिंगचा पाळक अँड्र्यू फुलर याच्या तपकिरीच्या डबीत टाकला. बेरीज झाली १३ पौंड, २ शिलिंग, ६ पेन्स. तीही नुसती कबुलीची. परदेशी मिशनसाठी उभ्या राहिलेल्या सोसायटीचं हे पहिलं भांडवल. पुढच्या वर्षी कॅरी बायकामुलांसह डॅनिश जहाजानं भारताकडे निघाला, तो इंग्लंडला परत कधीच आला नाही.

‘मी खाणीत उतरतो, दोर तुम्ही धरा’ हे कॅरीचं वाक्य म्हणून सगळीकडे छापलं जातं. खरं तर हे चित्र फुलरचं आहे. मागे वळून पाहताना त्यानं लिहिलं की आम्ही जणू एका अनोळखी खोल खाणीच्या तोंडाशी उभे होतो, आणि जिवात जीव असेपर्यंत दोर सोडणार नाही, अशी शपथ कॅरीनं खाली उतरण्याआधी आमच्याकडून घेतल्यासारखं वाटलं. खाणीच्या तोंडाशी उभं राहून ज्याच्या हाताला दोराचा काच लागतो, त्यालाच हे असं सुचू शकतं. केटरिंगच्या मंडळीचं काम सांभाळून फुलर वर्गणीसाठी वणवण फिरला. १७९९ ते १८१३ या काळात त्यानं स्कॉटलंडचे पाच दौरे केले. लंडनमध्ये तो दारोदार जाई, नकार मिळाला की एखाद्या बोळात शिरून रडून घेई आणि मग पुढचं दार वाजवी.

कॅरीनं या माणसांचे उपकार कसे मानले? सगळ्यात आधी त्यांचे पैसे नाकारून. १७९४ मध्ये मदनाबाटीच्या निळीच्या कारखान्यात त्याला व्यवस्थापकाची नोकरी मिळाली. लगेच त्यानं घरी कळवलं की आता माझ्यासाठी पैसे पाठवू नका, त्या रकमेतून दुसरीकडे मिशन सुरू करा. मला फक्त दरवर्षी बियाणं आणि शेतीची काही अवजारं पाठवा, त्यांची किंमत मी देईन. यावर सोसायटीतल्या काहींना धास्ती पडली की हा आता व्यापारात गुंतणार, आणि तशी समज देणारं पत्र आलं. कॅरीला ते फार लागलं. घरखर्च भागून उरलेली कमाई तो मिशनच्या कामातच घालत होता. तरीही त्यानं संबंध तोडले नाहीत, आणि त्याची ही सहनशीलता मला त्याच्या भाषाज्ञानाइतकीच मोठी वाटते.

त्याची बहीण मेरी, घरची पॉली, जवळजवळ पन्नास वर्षं अंथरुणाला खिळून होती. अंगातली शक्ती गेलेली, वाचाही कितीतरी वर्षं गेलेली. ती भावाला पत्रं लिहायची आणि त्याच्या कामासाठी प्रार्थना करायची. भाऊ तिला खर्चाला पैसे पाठवायचा. समर्थकांच्या यादीत अशांची नावं कधी चढत नाहीत. कॅरीच्या मनातल्या यादीत ती नक्की होती.

आणि बियाणं! यॉर्कशरच्या एका स्नेह्यानं एकदा पिशवीभर बी पाठवलं. बी पेरून झाल्यावर कॅरीनं रिकामी पिशवी बागेतल्या सावलीच्या कोपऱ्यात झटकली. काही दिवसांनी तिथे काहीतरी उगवलं. पाहतो तर इंग्लंडच्या कुरणातलं साधं डेझीचं फूल, जे तिथून निघाल्यापासून त्यानं पाहिलं नव्हतं. आभाराच्या पत्रात त्यानं लिहिलं की युरोप सोडल्यापासून इतका निखळ आनंद मला कशानंच झाला नसेल. पुढे तो दरवर्षी त्याचं बी धरून रोपं जगवत राहिला.

मंडळ्यांची खरी कसोटी लागली ती ११ मार्च १८१२ च्या संध्याकाळनंतर. श्रीरामपूरचा छापखाना पेटला. कागदाचे ढीग, अनेक लिप्यांचे खिळे, वर्षानुवर्षं लिहिलेली हस्तलिखितं जळाली. नुकसान दहा हजार पौंडांच्या घरात. कॅरी त्या वेळी कलकत्त्यात होता. सुदैवानं अक्षरांचे ठसे आणि साचे वाचले. राखेतून वितळलेलं शिसं गोळा करून काही आठवड्यांतच नवे खिळे ओतायला सुरुवात झाली. बातमी इंग्लंडला पोचायला सप्टेंबर उजाडला, आणि मग सुमारे दोन महिन्यांत सगळी भरपाई जमली. वीस वर्षांपूर्वी तेरा पौंडांच्या चिठ्ठ्या गोळा करणाऱ्या फुलरला आता लोकांना सांगावं लागलं की पुरे झालं. त्याच सुमारास त्यानं कॅरीला बजावलं की आगीमुळे आपलं नाव सर्वत्र झालंय, या कौतुकाची नशा चढू देऊ नका. इतक्या प्रेमानं आणि इतक्या स्पष्टपणे सांगणारं माणूस पाठीशी असणं, हे पैशांहून मोठं होतं.

उभ्या राहिलेल्या त्याच छापखान्यातून १८१४ मध्ये मराठी ‘सिंहासन बत्तिशी’ निघाली, १८१५ मध्ये ‘हितोपदेश’. पुस्तकं कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजच्या गरजेची होती हे खरं, पण जळालेला छापखाना सावरला तो वर्गणीनं.

१८१५ च्या मे महिन्यात फुलर वारला. नंतर सोसायटीच्या कमिटीवर आलेल्या अनेकांनी कॅरीला कधी पाहिलंही नव्हतं. त्यांना श्रीरामपूरच्या मालमत्तेवर आपला ताबा हवा होता. वाद वाढत गेला आणि १८२७ मध्ये सोसायटी आणि श्रीरामपूरचं मिशन वेगळे झाले. पासष्टी पार केलेल्या कॅरीवर आणि त्याच्या सोबत्यांवर मिशनचा भार पुन्हा स्वतःच्या कमाईतून उचलायची वेळ आली.