भरतीसाठी पळणाऱ्या पोरांचे गुडघे

भाताची झोडणी उरकली, की शहापूर-मुरबाडच्या डांबरी रस्त्यांवर पहाटे पोरे पळताना दिसू लागतात. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. जाहिरात निघाली, की कालपर्यंत खळ्यावर असलेला मुलगा एकदम रोज पाच-सहा किलोमीटर पळू लागतो. पंधरवड्यात नडगी ठणकते, उतारावर गुडघा दुखतो. आणि संधी हुकेल या भीतीने तो घरात बोलत नाही.

शेतकरी बंधु-भगिनींनो, मी शेतकी खात्यातला माणूस, डॉक्टर नव्हे. पण बैल लंगडू लागला तर आपण त्याला औताला जुंपत नाही. पोटच्या पोराला मात्र ‘पळून पळून मोकळे होईल’ म्हणून पुन्हा रस्त्यावर धाडतो.

दुखते कोठे, ते आधी बोटाने दाबून पाहावे. नडगीच्या आतल्या कडेने वीतभर पट्टा दुखत असेल तर तो बहुधा अतिश्रमाचा ताण. पळणे निम्म्यावर आणावे, डांबर सोडून शाळेच्या मैदानात मातीवर पळावे, आणि दुखणे शमल्यावर आठवड्याला दहावा हिस्साच वाढवावा. रस्त्याची कड उतरती असते. रोज एकाच बाजूने पळाल्यास एका पायावर जास्त भार येतो.

पण बोटाच्या पेराएवढ्या एकाच जागी दुखत असेल, त्या पायावर उडी मारताच कळ येत असेल, तर हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते. पहिले दोन-तीन आठवडे ती एक्स-रेत दिसेलच असे नाही. अशा पायाला सहा ते आठ आठवडे विश्रांती हवी. हाडवैद्याकडून तो चोळून घेऊ नये आणि उपाशीपोटी वेदनाशामक गोळ्या घेऊन पळू तर मुळीच नये.

स्वतंत्र भारताला १९५२ साली हेलसिंकीत पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणारे गोळेश्वरचे खाशाबा जाधव पुढे पोलीस दलातच नोकरीला लागले. एवढा कसलेला पैलवान, पण गुडघ्याच्या दुखापतीमुळे पुढच्या ऑलिंपिकला मुकला.

शाळकरी खेळाडूंचे दुखणे वेगळे. दहा ते पंधरा वर्षांच्या कबड्डी-खोखो खेळणाऱ्या मुलांना गुडघ्याच्या वाटीखाली दुखरे टेंगूळ येते. वाढते हाड कोवळे असते, त्यावर मांडीचा स्नायू शिरेमार्फत ओढ देतो. वाढ पुरी झाली की ते बहुधा थांबते. तोवर उड्या आणि उकिडवे बसणे कमी करावे, खेळानंतर फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे लावावा.

पळणाऱ्या मुलीची पाळी चुकू लागली, तर आयांनी ती गोष्ट लपवू नये. श्रमाच्या मानाने अन्न कमी पडते आहे आणि हाडे ठिसूळ होत आहेत, अशी ती खूण असू शकते. नाचणीची भाकरी, दूध, डाळ, सुकट तिच्याही ताटात पोटभर पडू द्या.

रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, वाढती सूज किंवा गाठ, ताप, वजन घटणे, यांपैकी काही दिसले तर तेलपाणी करीत बसू नका. शहापूरच्या उपजिल्हा किंवा मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात त्याच आठवड्यात दाखवा. आणि पुढच्या भरतीची तयारी जाहिरातीची वाट न पाहता चार महिने आधी, चालण्यापासून सुरू करा.