क्वेबेक शहर पाहताना

कॅनडात मुलानातवंडांकडे जाणारे आपले पुष्कळ लोक टोरांटो व नायगारा पाहून परततात. सवड असल्यास सेंट लॉरेन्स नदीकाठचे क्वेबेक शहरही पाहावे, असे आम्ही सुचवितो. १६०८ साली शांप्लँ या फ्रेंच दर्यावर्दीने ते वसविले. जुन्या शहराभोवतीचा सुमारे साडेचार किलोमीटरचा कोट आजही उभा आहे.

सुरुवात खालच्या शहरातील प्लास रॉयाल या चौकापासून करावी. शांप्लँने आपले पहिले घर तेथेच बांधले. वर जाण्यास जिने आहेत, पण गुडघे दुखत असतील तर १८७९ साली सुरू झालेली दोराची गाडी बरी. ती डफरिन टेरेसवर नेते. तेथे फळ्यांचा सपाट रस्ता, बसायला बाकडी आणि समोर नदी.

तेथून खाली बंदराकडे पाहताना एक हकिकत आठवावी. फ्रेंच अमलात कॅथलिकांखेरीज इतरांना येथे वस्तीची परवानगी नव्हती. १७३८ साली एस्तेर ब्रांदो ही विशीतील यहुदी मुलगी मुलाच्या वेषात जहाजाने आली. ओळख उघड झाल्यावर धर्म बदलण्यासाठी तिची पुष्कळ मनधरणी झाली. ती बधली नाही. १७३९ साली तिला फ्रान्सला परत पाठविले. आपल्या परंपरेप्रमाणे, गलबत फुटून नवगावला लागलेल्या आपल्या पूर्वजांना मात्र कोकणाने ठेवून घेतले. शनिवारी घाणा बंद म्हणून ‘शनवार तेली’ एवढेच नाव दिले.

टेरेसजवळच्या मॉंमोरन्सी उद्यानाच्या जागी पूर्वी विधानसभा भरे. १८०७ साली त्र्वा-रिव्हिएर गावाने एझेकिएल हार्ट यांस निवडून दिले. ते यहुदी, म्हणून सभेने त्यांना बसू दिले नाही. मतदारांनी पुन्हा निवडले, सभेने पुन्हा नाकारले. अखेर यहुद्यांना समान हक्क देणारा कायदा त्याच सभेने मंजूर केला. तो १८३२ साली अमलात आला.

शेवटी कोटाबाहेरचे ‘अब्राहामचे पठार’ पाहावे. हे नाव अब्राहाम अवीनूंचे नव्हे. सतराव्या शतकातील अब्राहाम मार्तँ या रहिवाशाचे. १३ सप्टेंबर १७५९ रोजी येथे इंग्रजांनी फ्रेंचांना हरविले, आणि त्यानंतरच यहुद्यांना या प्रांतात उघडपणे राहता आले.

नातवंडांना बरोबर न्यावे. एस्तेरची गोष्ट तेथील बाकावर बसून त्यांना मराठीतच सांगावी.