विश्लेषण : फ्रीस्टाइल पोहताना खांदा का दुखतो?

अंग पाण्यावर सपाट ठेवून पोहले, की हात पुढे नेण्याचा सगळा ताण खांद्यावर येतो. नियमित पोहणाऱ्यांना सतावणारी ‘स्विमर्स शोल्डर’ ही खांदेदुखी अशा सवयीमुळेही बळावते.

नेमके चुकते कुठे?
अनेक जण नुसती मान किंवा खांदे वळवतात. प्रत्यक्षात कंबर आणि खांदे एकत्र वळायला हवेत. फ्रीस्टाइलमध्ये हात पुढे लांबवताना त्या बाजूचा खांदा खाली जातो, दुसरा वर येतो. त्यामुळे मागचा हात पाण्याबाहेर सहज निघतो आणि श्वासासाठी डोके उचलावे लागत नाही.

बॅकस्ट्रोकमध्ये काय?
डोके स्थिर, नजर वर. वळते ते फक्त धड. स्पर्धेच्या नियमानुसार हे वळण ९० अंशांपेक्षा कमी असावे लागते.

सराव कसा करावा?
फ्रीस्टाइलसाठी एक हात पुढे ठेवून कुशीवर ६ किक माराव्यात, मग एक स्ट्रोक घेऊन दुसऱ्या कुशीवर ६. बॅकस्ट्रोकसाठी कपाळावर अर्धा भरलेला प्लास्टिकचा पेला ठेवून पोहावे. पेला पडला, तर डोके हलले असे समजावे. तरीही खांदा दुखत राहिला, तर सराव थांबवून डॉक्टरांना दाखवावे.