जुन्या स्पोर्ट्स कारचा वार्षिक खर्च : गाझियाबादमधला हिशेब

जुनी स्पोर्ट्स कार विकत घेणे आणि ती पोसणे यांत मोठे अंतर असते, कारण गाडीची बाजारातील किंमत दहा-बारा वर्षांत निम्म्याहून खाली घसरते, पण तिच्या सुट्या भागांची किंमत मात्र घसरत नाही, उलट दरवर्षी चढत जाते. पंचवीस लाखांना विकली गेलेली गाडी आज सहा लाखांना मिळत असली, तरी तिचा टर्बोचार्जर, क्लच आणि ब्रेक हे पंचवीस लाखांच्या गाडीचेच असतात आणि त्यांची दुरुस्तीही त्याच दराने करावी लागते. हा नियम जगात सर्वत्र लागू आहे. गाझियाबादमध्ये आणि एकूणच राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मात्र या हिशेबात आणखी एक रक्कम येते, जी पेट्रोलपंपावर किंवा गॅरेजच्या बिलावर कधीच दिसत नाही, आणि बहुतेक वेळा तीच सर्वांत मोठी असते.

भारतात स्पोर्ट्स कार या शब्दाचा अर्थ थोडा सैल धरावा लागतो. दोन आसनांच्या, उघड्या छपराच्या गाड्या येथे फार थोड्या झाल्या. 1990 च्या दशकाच्या अखेरीस आलेली, रेनॉच्या छोट्या इंजिनाची आणि फायबरग्लासच्या शरीराची सॅन स्टॉर्म हे त्यांतले ठळक नाव. मध्यमवर्गीय हौशी माणसाच्या आवाक्यात ज्या वेगवान गाड्या आल्या, त्या बहुधा चार दारांच्या नेहमीच्या गाड्यांच्या अधिक ताकदवान आवृत्त्या होत्या. त्यांत महाराष्ट्रात, औरंगाबादजवळच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) शेंद्रा येथील कारखान्यातून बाहेर पडलेल्या दोन गाड्यांचा उल्लेख आवश्यक आहे. पहिली 2004 च्या सुमारास आलेली स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस आणि दुसरी 2011 ची स्कोडा लॉरा आरएस. दोन्हींत 1.8 लिटरचे टर्बो इंजिन होते. टर्बोचार्जर म्हणजे धुराड्याकडे जाणाऱ्या वायूंच्या जोरावर फिरणारी आणि इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारी छोटी चक्की. या दोन गाड्यांमध्ये सातच वर्षांचे अंतर आहे, पण गाझियाबादमध्ये त्यांचे नशीब पूर्णपणे वेगळे आहे.

खर्चाचा सर्वांत उघड भाग इंधनाचा, आणि तो लोकांना वाटतो तेवढा मोठा नसतो. अशी गाडी सहसा दुसरी किंवा तिसरी गाडी असते आणि वर्षाला तीन हजार किलोमीटरच्या आसपास चालते. शहरातल्या गर्दीत लिटरला नऊ किलोमीटर आणि पेट्रोलचा दर 95 रुपये धरला, तर वर्षाचे इंधन 32,000 रुपयांच्या आत बसते. मात्र टर्बो इंजिनाला वरच्या ऑक्टेनचे पेट्रोल लागते. ऑक्टेन म्हणजे दाबाखाली अवेळी पेट न घेण्याची पेट्रोलची क्षमता. ती कमी पडली की सिलिंडरमध्ये ठोके बसतात, ज्याला मेकॅनिक नॉकिंग म्हणतात. इंडियन ऑइलने डिसेंबर 2020 मध्ये बाजारात आणलेले, मथुरेच्या शुद्धिकरण कारखान्यात तयार होणारे शंभर ऑक्टेनचे पेट्रोल या परिसरातले हौशी मालक वापरतात, पण त्याचा दर साध्या पेट्रोलच्या दीडपटीहून अधिक आहे, आणि केवळ तेच भरायचे ठरवले तर वरची रक्कम 50,000 च्या पुढे जाते.

हे महाग पेट्रोल भरण्यामागे दुसरेही कारण आहे. साध्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेले असते. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते, त्यात ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश असते, आणि पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या गाडीच्या रबरी नळ्या व सील या मिश्रणासाठी बनवलेले नसतात. आठवड्यात एकदा धावणाऱ्या गाडीच्या टाकीत असे पेट्रोल महिनोन्‌महिने पडून राहिले, तर नळ्या फुगतात आणि इंधनपंप लवकर जातो. थोडी चालणारी गाडी कमी खर्चाची असते, हा समज येथेच चुकीचा ठरतो.

खरे तर जुन्या गाडीची देखभाल किलोमीटरपेक्षा वर्षांवर अधिक अवलंबून असते. टायरच्या बाजूच्या भिंतीवर लहान चौकटीत चार आकडे उमटवलेले असतात; 2319 असे लिहिले असेल तर तो टायर 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला, असे समजायचे. नक्षी शाबूत असूनही सहा-सात वर्षांनंतर त्या रबराचा मऊपणा जातो, आणि मे-जूनमध्ये पारा 45 अंशांकडे सरकणाऱ्या प्रदेशात तो आणखी लवकर जातो. वेगासाठी बनवलेल्या गाडीत टायरची पकड हीच सुरक्षितता असते. म्हणून चारही टायर एकदम बदलण्यासाठी दरवर्षी थोडी रक्कम बाजूला काढणे हा शहाणपणाचा मार्ग आहे. ब्रेक ऑइलही ओलावा शोषते आणि गाडी उभी असली तरी दोन वर्षांनी बदलावे लागते.

यांत सर्वाधिक दुर्लक्षित आणि सर्वाधिक महागात पडणारा भाग म्हणजे टायमिंग बेल्ट. जुन्या ऑक्टाव्हियाच्या इंजिनात हा दातेरी रबरी पट्टा खालच्या क्रँकशाफ्टचे फिरणे वरच्या कॅमशाफ्टशी जोडतो, म्हणजे पिस्टनची हालचाल आणि व्हॉल्व्हची उघडझाप एकमेकांशी जुळवून ठेवतो. तो तुटला की व्हॉल्व्ह उघडेच राहतात, वर येणारा पिस्टन त्यांच्यावर आदळतो, व्हॉल्व्ह वाकतात आणि संपूर्ण सिलिंडर हेड उतरवावे लागते. बेल्टची स्वतःची किंमत थोडी असते. खर्च असतो तो इंजिनाची पुढची बाजू उघडण्याच्या मजुरीचा, आणि म्हणूनच जाणता मेकॅनिक त्याच वेळी ताण देणारी कप्पी आणि वॉटर पंपही बदलतो. विकत घेतलेल्या जुन्या गाडीचा बेल्ट शेवटचा कधी बदलला याची लेखी नोंद नसेल, तर तो बदललेलाच नाही असे धरून चालणे योग्य.

सुटे भाग मिळवण्याच्या दृष्टीने गाझियाबादची जागा सोयीची आहे, कारण दिल्लीतील कश्मिरी गेट आणि करोल बाग या सुट्या भागांच्या मोठ्या बाजारपेठा जवळच आहेत. आरएस गाड्यांच्या इंजिनाचे भाग स्कोडाच्या नेहमीच्या गाड्यांतही वापरले जात असल्याने ते अजून मिळतात. दुर्मीळ होतात ते फक्त आरएसचे बंपर, आसने आणि चाके. सॅन स्टॉर्मसारख्या, कारखानाच राहिला नाही अशा गाडीचे मात्र शरीराचे भाग कारागिराकडून घडवून घ्यावे लागतात. नेहमीची सर्व्हिस, बॅटरी, सस्पेन्शनचे रबरी बुश आणि एखादी अनपेक्षित दुरुस्ती धरून अशा गाडीसाठी वर्षाला साठ हजार ते एक लाख रुपये वेगळे ठेवावेत. एखाद्या वर्षी यांतले निम्मेही लागणार नाहीत आणि पुढच्या वर्षी दुप्पट लागतील, म्हणून एका वर्षाचे बिल हा कधीच खरा आकडा नसतो.

विम्याचा हिशेब सरळ आहे, पण त्यातली गोम दावा करताना कळते. दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई करणारा तृतीय पक्ष विमा सक्तीचा असून 1500 सीसीवरील खासगी गाडीसाठी त्याचा हप्ता जून 2022 पासून 7,897 रुपये आहे. अठरा टक्के जीएसटी धरला की तो 9,300 च्या थोडा वर जातो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी वेगळा विमा घ्यावा लागतो. त्यात पाच वर्षांपर्यंत गाडीचे मूल्य ठरावीक घसाऱ्याने काढले जाते आणि त्यानंतर ते मालक व कंपनी यांनी आपसांत ठरवायचे असते. दहा वर्षांपेक्षा जुन्या गाडीचा धातूचा भाग बदलावा लागला तर त्यावर पन्नास टक्के घसारा लागतो, रबर आणि प्लॅस्टिकवरही तेवढाच. म्हणजे विमा असूनही निम्मा खर्च मालकाच्या खिशातून जातो. बुद्ध इंटरनॅशनल सर्किट 2011 पासून याच परिसरात उभे असल्याने हौशी मालकांना तेथे गाडी पळवण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे, पण शर्यत आणि वेगाची चाचणी या गोष्टी नेहमीच्या पॉलिसीतून स्पष्टपणे वगळलेल्या असतात.

आता त्या न दिसणाऱ्या रकमेकडे वळले पाहिजे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने नोव्हेंबर 2014 आणि एप्रिल 2015 च्या आदेशांनी पंधरा वर्षांवरील पेट्रोल आणि दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर राजधानी क्षेत्रात बंदी आणली, आणि 29 ऑक्टोबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. गाझियाबाद उत्तर प्रदेशात असले, यूपी-14 हा तिथल्या गाड्यांचा क्रमांक असला, तरी या क्षेत्राचा भाग असल्याने तेथेही हाच नियम लागू झाला. 12 ऑगस्ट 2025 रोजी न्यायालयाने केवळ वयाच्या कारणावरून मालकांवर बळजबरीची कारवाई न करण्याचा आदेश दिला. 17 डिसेंबर 2025 रोजी मात्र हे संरक्षण बीएस-4 आणि त्यापुढच्या गाड्यांपुरते मर्यादित केले. बीएस, म्हणजे भारत स्टेज, हे धुरातील प्रदूषकांची कमाल मर्यादा ठरवणारे, टप्प्याटप्प्याने कडक होत गेलेले मानक आहे. राजधानी क्षेत्रात बीएस-4 एप्रिल 2010 पासून लागू झाले, त्यामुळे 2011 ची लॉरा आरएस या संरक्षणात बसते आणि 2004 ची ऑक्टाव्हिया आरएस बसत नाही. हिवाळ्यात हवा फार बिघडली की श्रेणीबद्ध प्रतिसाद योजनेच्या तिसऱ्या टप्प्यात बीएस-3 पेट्रोल गाड्यांना गाझियाबादच्या रस्त्यावर तशीही मनाई असते.

याचा पैशांतला अर्थ असा. अकरा वर्षांची गाडी सहा लाखांना घेतली आणि पंधराव्या वर्षी ती दोन लाखांना विकावी लागली, तर दरवर्षी एक लाख रुपये केवळ कायद्याच्या घड्याळापायी गेले, जे तीन वर्षांच्या पेट्रोलइतके आहेत. हीच गाडी महाराष्ट्रात असती तर तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवता आली असती. ऑगस्ट 2025 पासून वीस वर्षांवरील मोटारीसाठी त्याचे शुल्क 10,000 रुपये आहे, म्हणजे वर्षाला 2,000. परदेशातून आणलेल्या मोटारीला ते 80,000 पडते. त्याशिवाय राज्याचा पर्यावरण करही असतो. म्हणून ना हरकत प्रमाणपत्र घेऊन गाडी क्षेत्राबाहेर नेणे हा गाझियाबादच्या मालकापुढचा एक मार्ग असतो, पण तेथे कर पुन्हा भरावा लागतो आणि गाडी मालकाजवळ राहत नाही.

राजधानी क्षेत्राची हवा वाईट आहे आणि ती सुधारणे हे लहान मुलांच्या फुप्फुसांचे ऋण आहे, याबद्दल दुमत नाही. परंतु वर्षाला तीन हजार किलोमीटर चालणाऱ्या, प्रदूषण चाचणीत उत्तीर्ण होणाऱ्या गाडीला रोज शंभर किलोमीटर धूर सोडणाऱ्या गाडीच्याच मापाने मोजणे न्याय्य नाही. जुलै 2021 च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांवरील, मूळ रूपात राखलेल्या मोटारींना व्हिंटेजचा वेगळा दर्जा दिला, त्यांना वेगळ्या मालिकेचा क्रमांक दिला आणि तृतीय पक्ष विम्यात निम्मी सवलतही मिळते. पंधराव्या आणि पन्नासाव्या वर्षाच्या मधली पस्तीस वर्षे मात्र रिकामीच आहेत, आणि शेंद्र्याहून आलेली ऑक्टाव्हिया आरएस नेमकी त्याच पोकळीत सापडली आहे. प्रत्यक्ष धूर मोजून आणि वार्षिक अंतरावर मर्यादा घालून अशा गाड्यांना जगवण्याची सोय करता येणे अवघड नाही.

तोपर्यंत गाझियाबादच्या मालकाचा प्रश्न व्यवहाराचा राहतो. 2011 च्या लॉरा आरएसला 2026 मध्ये पंधरा वर्षे पूर्ण होतात, तिला मिळालेले संरक्षण न्यायालयाच्या पुढच्या आदेशावर टिकून आहे, आणि नेमक्या याच वयात सस्पेन्शन, टर्बो व टायर यांची मोठी कामे एकदम निघतात. त्यांवर लाख-दीड लाख रुपये या वर्षी घालायचे, की नोंदणीचा निर्णय होईपर्यंत गाडी वापरायचीच थांबवायची, हे ठरवूनच त्याला वर्षाचे अंदाजपत्रक लिहायला घ्यावे लागते.