भासमय भूकंपांतील वाट

१० जुलै २०२४ रोजीं सकाळीं हिंगोली जिल्ह्यांत ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला; परभणीकरांसही धक्का जाणवला. अशा वेळीं मनुष्य घराबाहेर कसा पडतो, हें अभ्यासकानें पाहावें कसें? लोकांस मुद्दाम संकटांत लोटतां येत नाहीं! म्हणून आभासी वास्तवाचा चष्मा डोळ्यांवर चढवितात. न्यूझीलंडमध्यें ऑकलंडच्या रुग्णालयाची भासमय प्रतिकृति रचून तींत भूकंप घडविण्यांत आला. मनुष्य मेजाखालीं आश्रय घेतो कीं धक्के चालू असतांनाच दाराकडे धावतो, हें तींत पाहतां येतें. चष्मा काढला कीं भूकंप संपतो, हें पाहणारास ठाऊक असतें. भीतीचें माप तेवढें अपुरेंच. मराठवाड्याचा प्रश्न मात्र निराळा. १९९३ सालीं किल्लारीस माणसें दगडमातीच्या जाड भिंतींखालीं गाडलीं गेलीं. येथें प्रतिकृति रचावयाची ती माळवदाच्या घराची, त्याच्या अरुंद दारासह.