सतारमेकर गल्लीतील शब्दक्रम

मिरजेत सतार-तंबोरा घडवण्याची परंपरा एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब शिकलगार यांच्यापासून सुरू झाली असे मानले जाते, आणि आजही सतारमेकर गल्लीतील कारागीर गिऱ्हाइकाशी बोलतो तेव्हा समोरच्याला काय ठाऊक आहे हे ताडून वाक्यातले शब्द मागेपुढे करतो. भोपळा कुठून येतो असे विचारले, तर ‘भोपळा पंढरपूरकडून येतो’ हे उत्तर मिळते. तिकडून काय येते असे विचारले, तर ‘पंढरपूरकडून भोपळा येतो’. दोन्ही वाक्यांत कर्ता तोच, क्रियापद तेच, घटनाही तीच असल्याने शालेय व्याकरणाला यात सांगण्यासारखे काही सापडत नाही, आणि ‘मराठीचा शब्दक्रम मोकळा आहे’ एवढे म्हणून ते थांबते.

प्रकार्यवादी भाषाविज्ञान, म्हणजे भाषेच्या घडणीची कारणे तिच्या वापरात शोधणारी विचारधारा, येथूनच पुढे जाते. 1926 मध्ये प्राग भाषावर्तुळ स्थापणाऱ्या विलेम माथेसिउस यांनी वाक्याचे दोन भाग मानले: ज्याविषयी बोलायचे तो विषय आणि त्याविषयी जे सांगायचे ते कथन. मायकेल हॅलिडे यांनी त्यात महत्त्वाचा भेद केला. बोलणाऱ्याने निवडलेला आरंभबिंदू आणि ऐकणाऱ्याला आधीच ज्ञात असलेली माहिती ही दोन्ही बहुधा एकत्र पडली तरी एकच नव्हेत. मराठीत नव्या माहितीची ठरलेली जागा क्रियापदाच्या लगेच आधी असते, म्हणून वरील वाक्यांत ती जागा एकदा पंढरपूरला आणि एकदा भोपळ्याला मिळते.

जागेच्या जोडीला अव्ययेही राबतात. ज्यांच्यामुळे शब्दाचे सामान्यरूप होत नाही, त्या शुद्ध शब्दयोगी अव्ययांपैकी ‘च’ घ्यावे. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या पृष्ठभागाला कानशीने सूक्ष्म उतार देऊन तारेचा नाद खुलवणे म्हणजे जवारी काढणे. ‘जवारीच बिघडली आहे’ म्हटल्यावर दांडी, तबली, खुंट्या असे बाकीचे संशयित सुटतात, तर ‘जवारी बिघडलीच आहे’ म्हटल्यावर बिघाड निर्विवाद ठरतो, मग आणखी काही बिघडलेले असो वा नसो. (‘च’ला केवळ जोर देणारे अव्यय म्हणणे हा त्याच्यावर अन्यायच आहे.)

दोन कारागिरांच्या आपसातील बोलण्यात ज्ञात भाग बहुतेक गळून पडतो आणि ‘अजून बंद आहे’ (म्हणजे नाद अजून खुललेला नाही) एवढ्यावर भागते. ‘जवारी’ हा शब्द आलाच, तर तो ‘बंद आहे अजून जवारी’ असा क्रियापदापलीकडे, आघाताविना येतो.